हरण्याला दारू पाजणारा नळा

मी बांबूचा नळा बोलतोय. गुरांना औषध पाजायचा. हसू नका. माझ्याशिवाय बैलाच्या घशात कडू काढा उतरवून दाखवा, मग हसा.

राहात्याजवळच्या एका वाडीत नबीलालने मला कापले. एका टोकाला पेर राखले, दुसरे तिरके तासले. तो बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा, हात पक्का. मला त्याने शेजारच्या आसारामच्या गोठ्यात दिले. पोट फुगले की तेल, ढाळ लागले की बेलफळाचा काढा. बारा वर्षे इमानाने काम केले. अंगावर दातांच्या खुणा आहेत. त्या मी मिरवतो.

१९४६ सालच्या पौषात जत्रेत बैलांच्या छकड्यांची शर्यत होती. थंडी कडाक्याची. आसारामने माझ्यात पहिल्या धारेची दारू ओतली.

नबीलाल म्हणाला, "आसाराम, जनावराला इख कशापायी पाजतो?"

"नबीभाई, तुमी कधी पिलाच न्हाई, तुमाला काय ठावं? पोटात गेली की अंगात ऊब अन् पायात वारं!"

"मंग तूच पिऊन पळ की."

आसारामने त्याचे अर्धे ऐकले. आधी स्वतः प्याला, मग मला त्याच्या हरण्या बैलाच्या तोंडात घातले. तीन नळे रिते केले. जोडीचा पवळ्या शहाणा. त्याने आवळलेले दात सोडलेच नाहीत.

झेंडा पडला. बाकीचे छकडे सुटले. हरण्या चार पावले नीट चालला, मग वळून पंचांच्या फेट्याचा शेमला चाटू लागला. चाटून झाल्यावर वाटेतच बसला. आसाराम छकड्यात उभा राहून ओरडत होता, "हाण! लई म्होरं आलो! मागं कुनीच दिसंना!"

मागे कोणी नव्हतेच. सगळे पुढे गेले होते.

मग हरण्या आडवा झाला आणि थरथरू लागला. हसणारे लोक भोवती गोळा झाले. आसारामची बायको कडूबाई धावत आली. तिच्या गव्हाला मोटेचे पाणी चालू होते. एका बैलावर मोट चालत नाही. हरण्या गेला तर गहू गेला, वर्षाचे खाणे गेले.

"गारठलाय त्यो," आसाराम म्हणाला. "आनखी एक नळा पाजा, ऊब येईल."

"लिंबाचं लोनचं चारा," एक म्हणाला.

"डोक्यावर गार पानी वता. झटक्यात उतरंल," दुसरा म्हणाला.

मी जवळून पाहिले आहे, म्हणून सांगतो. दारूने कातडी तापते, म्हणून ऊब वाटते. खरी ऊब बाहेर निघून जाते, कवाड उघडे टाकल्यावर घरातली जाते तशी. लोणच्याने फक्त तोंड आंबते. चढलेली दारू तिच्या वेळेनेच उतरते.

"कुनी काय बी पाजू नगा," नबीलाल म्हणाला. त्याने आणि कडूबाईने हरण्याला कडब्याच्या पेंढ्यांचा टेकू देऊन छातीवर बसता केला. वर घोंगडी टाकली. आसारामही कुडकुडत होता. तो गुपचूप त्याच घोंगडीत शिरला.

ऊन कलले तेव्हा हरण्या उठला. अंग झाडले आणि घोंगडी पाठीवर घेऊन वैरणीकडे चालू लागला. उघडा पडलेला आसाराम जागा झाला.

"पयला नंबर कुनाचा?"

"हरण्याचा," कडूबाई म्हणाली. "तुमच्या आदी उठला."

मग तिने मला उचलले आणि गोठ्याच्या छपरावर भिरकावले. तेव्हापासून मी इथेच आहे. उन्हाने एक चीर गेली आहे, पण वरवरची.

गुराचे पोट फुगले असेल तर शिडी लावा. मी तयार आहे. ऊब हवी असेल तर घोंगडी शोधा, छपराकडे बघू नका.