माझ्या शेपटीतला कप्पा

मित्रांनो, विमान म्हटले की तुम्ही मान वर करून आभाळात बघता. मला बघायला तेवढे कष्ट पडायचे नाहीत. धावपट्टीच्या एका कडेला, गवत माजलेल्या कोपऱ्यात मी बरीच वर्षे नुसता उभा होतो. जुने झालेले, छोटेखानी असे मी एक जेट विमान. म्हातारा म्हणा हवे तर, पण भंगार म्हणू नका, मला राग येतो. हल्लीच मला नवा रंग लावला आहे, त्यामुळे तुम्ही मला पाहिलेत तर फसाल. पण ही गोष्ट मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. मला भीती वाटते आहे, म्हणून सांगतो आहे.

माझा जन्म एका मोठ्या, उजेडाने भरलेल्या कारखान्यात झाला. माझ्या अंगाचा पत्रा पातळ, पण त्यावर इतके रिवेट ठोकले आहेत की मोजणाऱ्याचे डोळे फिरतील. माझ्या पोटात माणसांची खोली केली. तिथे गुबगुबीत खुर्च्या, पायाखाली गालिचा, मागच्या टोकाला एवढेसे स्वच्छतागृह. त्याच्या भिंतीपलीकडे, शेपटीत, सामानाचा कप्पा. त्याचे दार बाहेरून उघडते.

आता एक गोष्ट नीट ऐका. आभाळात वर गेले की हवा विरळ होते आणि थंडी हाडे गोठवते. म्हणून माझी इंजिने माणसांच्या खोलीत गरम, दाट हवा भरत राहतात. शेपटीतल्या कप्प्यात ती हवा जात नाही. बॅगांना कुठे श्वास घ्यायचा असतो? मला घडवणाऱ्यांनी तो कप्पा बॅगांसाठीच केला होता, आणि त्यात त्यांचे काही चुकले नव्हते.

माझे मालक मोठे व्यापारी होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांचा शब्द खाली पडत नसे, आणि पडायला लागलाच तर त्यांचा सेक्रेटरी तो वरच्यावर झेलायचा. मला चालवायला एकच माणूस होता, कॅप्टन. हा भारी कटकट्या गृहस्थ. उड्डाणापूर्वी माझ्याभोवती फेरी मारायचा, प्रत्येक झाकणाची कडी ओढून बघायचा आणि शेवटी माझ्या नाकावर थाप मारून म्हणायचा, "चला म्हातारबा." तेव्हा मी चांगला तरुण होतो, तरीसुद्धा! पण त्याचा हात लागला की मला धीर यायचा.

साहेबांची मुलगी लहान होती. तिचा एक कुत्रा होता. पिवळसर, गोल, खाण्यावर भलताच जीव असलेला. त्याला सगळे भोपळ्या म्हणत. मोठ्या विमानांत कुत्र्या-मांजरांना माणसांजवळ बसायला सहसा मिळत नाही. माझ्याकडे तसे नव्हते. खाजगी विमानाची हीच तर मौज. भोपळ्या ऐटीत खिडकीशी बसायचा. खाली उतरताना त्याचे कान दुखू नयेत म्हणून मुलगी त्याला टोस्टचे तुकडे भरवायची. कान दुखोत न दुखोत, टोस्ट दिसला की भोपळ्या कण्हायला लागायचा. त्या दोघांचे हसणे ऐकत उडायला मला फार आवडायचे.

कॅप्टनची एकच अट होती. उडताना आणि उतरताना भोपळ्याला पट्टा बांधायचा. एकदा साहेबांनी "राहू द्या हो," म्हटले, तर कॅप्टनने इंजिनच सुरू केले नाही. पट्टा बांधेपर्यंत हाताची घडी घालून बसला. साहेब हसले, पण ते हसणे ओठांवरचेच होते. नोकराने चारचौघांत अडवलेले त्यांनी मनात धरून ठेवले.

पुढे साहेबांनी माझ्या खुर्च्या बदलल्या. पांढऱ्याशुभ्र चामड्याच्या बसवल्या. एक बडे पाहुणे प्रवासाला येणार होते आणि त्यांच्याशी साहेबांना मोठा व्यवहार जमवायचा होता. त्या दिवशी पहाटेपासून सेक्रेटरी खुर्च्या पुसत होता. कॅप्टन हवामानाची माहिती घ्यायला कचेरीत गेला होता, मुलगी प्रतीक्षागृहात होती. तेवढ्यात भोपळ्याने कुंपणापलीकडच्या डबक्यात उडी मारली.

तो परत आला तेव्हा डोळे सोडून सगळा चिखल होता. शेपटी हलवत तो थेट माझ्या पायऱ्यांकडे निघाला. सेक्रेटरीने त्याला मधेच पकडले.

"अरे, आता याचं काय करू मी?" साहेबांचा आवाज चढला. "पाहुणे येतीलच एवढ्यात!"

"साहेब, पिंजऱ्यात घालून मागे सामानात ठेवतो. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

"ठेव. आणि कॅप्टनला सांगू नकोस. तो लगेच नियम काढत बसेल. त्याला आणि बेबीला सांग, गाडीने पाठवलाय म्हणून."

मित्रांनो, यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. सेक्रेटरीने पिंजऱ्यात जुना टॉवेलही घातला. कप्प्यात हवा नसते हे त्याला ठाऊक नव्हते, साहेबांनाही नव्हते. ज्याला ठाऊक होते त्याला सांगायचे नाही, एवढेच ठरले होते.

"गप्प बसायचं हं," सेक्रेटरी म्हणाला आणि त्याने दार लावले. भोपळ्या फार गुणी होता. गप्प बस म्हटले की गप्प बसायचा. कॅप्टन फेरी मारत आला, त्याने त्या दाराची कडी ओढून बघितली, घट्ट असल्याची खात्री केली आणि पुढे गेला. आत भोपळ्याने श्वाससुद्धा हळू घेतला. भुंक रे, एकदा तरी भुंक, असे मी मनात ओरडत होतो. पण माझे मन कोण ऐकणार?

आम्ही उडालो. जमीन सुटली तसा तो घाबरला आणि भुंकायला लागला. पण माझी इंजिने शेपटीशीच आहेत. त्यांच्या घरघरीत भुंकणे विरून गेले. मी चढत होतो. थांबणे माझ्या हातात नव्हते. कप्प्यातली हवा भराभर विरळ होत होती. भोपळ्याच्या ओल्या अंगाला थंडी झोंबत होती. तो पिंजऱ्याला धडका द्यायला लागला.

पुढे कॉफी चालली होती. पाहुणे खुर्च्यांचे कौतुक करत होते, साहेबांची कळी खुलली होती. मुलगी स्वच्छतागृहात गेली आणि लगेच बाहेर आली.

"बाबा, मागच्या भिंतीवर कोणीतरी ठोकतंय."

"बॅगा हलत असतील गं."

"बॅगा अशा नाही ठोकत. जरा थांबतंय, मग पुन्हा ठोकतंय."

"बेबी, मोठी माणसं बोलतायत ना? बस जागेवर."

सेक्रेटरी कॉफीत चमचा फिरवत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती. मुलगी जागेवर बसली नाही. ती पुन्हा मागे गेली आणि भिंतीला कान लावून उभी राहिली. धडका आता लांब लांब अंतराने येत होत्या. मग एक अगदी हलकी आली. त्यानंतर काहीच नाही.

"आता थांबलं," ती म्हणाली.

"बघ, थांबलं ना?" साहेब हसून म्हणाले.

माझ्या पत्र्यावर काटा आला असता, तर तो तेव्हा आला असता. ती मुलगी मात्र सरळ पुढे निघाली. साहेबांनी हात आडवा केला, तो तिने चुकवला. कॅप्टनच्या खुर्चीमागे उभी राहून तिने विचारले, "कॅप्टनकाका, मागे सामान असतं ना, तिथे हवा असते?"

"नसते गं. का?"

"तिथे कोणी असलं तर?"

कॅप्टनने मान वळवली. आधी तिच्याकडे बघितले, मग तिच्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"साहेब, भोपळ्या कुठाय?"

साहेबांनी पाहुण्यांकडे एक नजर टाकली. "आहे व्यवस्थित. तुम्ही समोर बघा."

"कुठाय, विचारतोय मी!"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी सेक्रेटरी रडवेल्या आवाजात म्हणाला, "मागे आहे. पिंजऱ्यात."

"अहो, मरेल तो!" एवढेच म्हणून कॅप्टनने माझे नाक खाली केले. तसा मी त्याआधी कधी उतरलो नव्हतो आणि नंतरही नाही. माझे पंख थरथरत होते. पाहुण्यांच्या हातची कॉफी पांढऱ्या खुर्चीवर सांडली, तिकडे कोणी बघितलेसुद्धा नाही. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाहुण्यांनी मुलीला जवळ घेतले आणि ते म्हणाले, "अहो, मला सांगायचंत ना. चिखलच होता ना? मी मांडीवर घेऊन बसलो असतो."

वाटेतल्या एका लहान धावपट्टीवर आम्ही उतरलो. चाके थांबली तसा कॅप्टन धावत मागे गेला. दार उघडले तेव्हा भोपळ्याच्या केसांवर बर्फाचे कण होते आणि जीभ जांभळी पडली होती. कॅप्टनने त्याला आपल्या कोटात गुंडाळले, छाती चोळली, नाकात फुंकर घातली. बराच वेळ काही झाले नाही. मुलगी शेजारी उभी होती. ती रडत नव्हती, हे मला जास्त भयंकर वाटले. मग त्या कोटाखाली काहीतरी हलले.

भोपळ्या वाचला. पण त्याचे मागचे पाय कायमचे अधू झाले. मुलगी त्याला घेऊन गाडीने घरी गेली. साहेब तिला "चल ना गं," म्हणत होते. तिने वळून बघितले नाही. ती पुन्हा कधीच माझ्या पायऱ्या चढली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने डबा-कुंचला आणला आणि माझ्या शेपटीतल्या दारावर लाल अक्षरांत लिहिले, 'आत हवा नाही. जिवंत काहीही ठेवू नये.' अक्षरे वेडीवाकडी होती, पण मला ती दागिन्यासारखी वाटायची. पुढे कॅप्टन निवृत्त झाला. साहेबांनी मला विकायला काढले. गिऱ्हाईक येईना. माझ्या इंजिनात पाखरांनी घरटी केली, टायर बसले, खिडक्या धुरकटल्या.

आता मला नवे मालक मिळाले आहेत. माणसे चांगली आहेत, हसरी आहेत. रंगाऱ्याने मला घासूनपुसून चकाचक केले. शेपटीवरची लाल अक्षरे बघून तो म्हणाला, "हे काय गिचमिड आहे?" आणि त्यावरून रंग फिरवला. नवा वैमानिक फेरी मारतो, पण फोन कानाला लावून. उद्या नव्या रंगातले माझे पहिले उड्डाण आहे. नव्या मालकांकडे कुत्र्याची दोन पिल्ले आहेत. काल ती माझ्यात खेळली आणि एकाने नव्या गालिच्यावर सू केली. मालकीणबाई हसून म्हणाल्या, "यांना वेगळं कुठेतरी बसवायला हवं बाई."

मित्रांनो, मला तोंड नाही. त्या दिवशी विचारणारी एक मुलगी होती, म्हणून एक जीव वाचला. तुम्ही प्रवासाला निघाल तेव्हा तुमच्या मुक्या सोबत्याला कुठे ठेवणार आहेत, तिथे हवा आहे का, ऊब आहे का, हे मोठ्याने विचारा. मोठी माणसे रागावली तरी विचारा. उत्तर मिळेपर्यंत जागेवर बसू नका.

आणि उद्या तुमच्यापैकी कोणी इथे असेल, तर कृपा करून लवकर या. आज संध्याकाळी बाईंनी शेपटीतले दार उघडून आत डोकावून बघितले. "अगंबाई, इथे तर केवढी जागा आहे!" असे म्हणून त्यांनी आत पिल्लांसाठी एक मऊ गादी अंथरली. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी शिवली आहे.