इस्त्रीवर आलेला आळ

मित्रांनो, माझ्यावर शेकडो मोठी माणसे जेवली, पण एकाचाही चेहरा मला कधी नीट दिसला नाही. मी माणसे ओळखतो ती कोपरांवरून. मी एक जुना टेबलक्लॉथ आहे. मंत्री आणि बडे अधिकारी रेल्वेच्या ज्या खास सरकारी डब्यातून फिरत, त्याच्या जेवणाच्या टेबलावर मी असे.

जपानमधल्या होक्काइदोच्या जवसाच्या धाग्यातून मला विणले. माझ्या अंगावर पांढऱ्यावर पांढरी पाने आहेत. ती बघायची तर मान वाकडी करावी लागते. गाडी वळणावर गेली की सूपच्या ताटल्या सरकत, आणि आता काय सांडणार, या उत्सुकतेने माझा जीव वरखाली होई. मला भीती कमी आणि चौकशाच फार!

रेल्वेच्या यार्डातल्या धुलाईखान्यात मला धुणाऱ्या होत्या हिसानोसान; आमच्याकडे नावाला आदराने 'सान' जोडतात. बावीस वर्षे त्या सरकारी कापडांना इस्त्री करत होत्या. इस्त्री फिरवण्याआधी त्या तिची धग गालाजवळ धरून बघत. त्यांच्या हातून साधा रुमालही कधी पिवळा पडला नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

एकदा एका प्रांताचे गव्हर्नर जेवायला होते. बोलण्याच्या भरात त्यांनी जळता सिगार माझ्यावरच टेकवला. मी चांगलाच पोळलो. त्यांनी हळूच भाताची वाटी त्या भोकावर सरकवली. वाढप्यांनी पाहिले, पण पाहिले नाही असे दाखवले. पाहुण्याची चूक पाहुण्याला दिसू द्यायची नाही, अशी तिथली रीत.

पण खराब कापडाला कारणाची चिठ्ठी बांधावी लागे. दुसऱ्या दिवशी डब्याचे मुख्य कारभारी कुरामोचीसाहेब मला घेऊन धुलाईखान्यात आले.

"हिसानोसान, काल इस्त्री जरा जास्त तापली होती का हो?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारले.

"माझी इस्त्री? साहेब, माझ्या डोळ्यांत बघून विचारा की!"

"पाहुण्यांचं नाव चिठ्ठीवर कसं घालू? तुम्हीच सांगा."

हिसानोसाननी माझ्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "घाला माझंच. तुमच्या पाहुण्यांपेक्षा माझी पाठ रुंद आहे. पण दोष माझा, तर दुरुस्तीही माझी. याला भट्टीत टाकायचं नाही."

"खराब झालेलं सरकारी कापड जाळायचं, असा नियम आहे."

"मग चिठ्ठीवर खरं लिहा."

साहेबांनी चिठ्ठीवर दोष आणि दुरुस्ती दोन्ही हिसानोसानच्या नावावर लिहिली आणि मला त्यांच्या हाती दिले.

माझ्याच दुमडीच्या आतून एकेक धागा काढून हिसानोसाननी अकरा दुपारी रफू केले. पानाशी पान जुळवले. मी वाचलो, त्यांचे नाव मात्र गेले. "जपून गं, हिसानोसानची इस्त्री आली!" असे म्हणून बरोबरीच्या बायका हसत. त्याही हसत, पण मग इस्त्री गालाजवळ जरा जास्तच वेळ धरत. मला फार वाईट वाटे. साहेब तर रफूची बाजू नेहमी खिडकीखालच्या भिंतीकडे करून मला अंथरत.

पुढे नव्या गाड्या आल्या, कागदी रुमाल आले. चिठ्ठीसकट मी कापराच्या वासात एका पेटीत कितीतरी वर्षे पडून राहिलो. वर काय चालले असेल, याचाच विचार करत होतो.

एके दिवशी पेटी उघडली. आमचा डबा आता संग्रहालयात होता. तिथे कापडांची देखभाल करणाऱ्या माकिनोसानने चिठ्ठी वाचली, मला उलटे केले आणि ती डोळ्याला भिंग लावून बराच वेळ मला बघत बसली.

"सेगावासान, इकडे या ना," तिने वरिष्ठांना हाक मारली. "इस्त्रीने कधी असं वाटोळं भोक पडतं?"

"चिठ्ठीत तर तसंच लिहिलंय. जुना कागद आहे बाई, आपण कोण खोडणार?"

"खोडत नाही. शेजारी दुसरा ठेवते."

तिने लिहिले : 'भोक वाटोळे होते. इस्त्री टोकदार असते. रफू हिसानोसान यांचे. शोधून दाखवा.' आणि रफूची बाजू तिने पाहणाऱ्यांच्या समोर केली.

आता मुले काचेला नाक लावून रफू शोधतात. अजून एकालाही सापडलेले नाही!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण कागदावर कुणाच्या नावापुढे चूक लिहिलेली दिसली, तर तेवढ्यावर थांबू नका. वस्तूलाही विचारा. मी तर इतकी वर्षे सांगायला तयारच होतो; मला कुणी विचारलेच नाही.