सुई काढलेलं यंत्र

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक खोड हमखास लागते. बिघाड म्हटला की तो समोरच्या यंत्रातच असणार, असं त्याला वाटायला लागतं. या गोष्टीतल्या रेडिओवाल्यांना बाजारात सगळे कानसेन म्हणत, कारण रेडिओ उघडायच्या आधी नुसती खरखर ऐकून ते कुठला भाग गेलाय ते सांगत. नाव लोकांनी प्रेमाने ठेवलं होतं, यांनी ते पदवीसारखं मिरवलं. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, पण पदवी काही त्यांनी परत केली नव्हती.

हल्ली त्यांची एकच तक्रार होती की लोक पुटपुटतात. पुरुष त्यातल्या त्यात बरे. मेहुणा, दूधवाला, तळमजल्यावरचा शिंपी, सगळ्यांचं बोलणं स्वच्छ. पण स्वतःच्या बायकोचं एक वाक्य धड पोचेल तर शपथ! आता ही बायको म्हणजे शाळेत बत्तीस वर्षं खेळाच्या बाई. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलीला धावायला लावणारा तिचा उंच, बारीक पट्टीतला आवाज. तो म्हणे पुटपुटतो!

"अहो, एकदा कान तपासून घ्या," बाई म्हणायच्या. तिसऱ्यांदा म्हटलं की ते पोचायचं, आणि मग कानसेन असे काही हसायचे, की जणू माशाला कोणी पोहणं शिकून घ्यायला सांगितलंय.

महिन्यापूर्वी बाईंची शिट्टी समुद्रकिनाऱ्यावर हरवली. पितळेची, जड, तोंडाशी दातांनी झिजलेली. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ती त्यांच्या गळ्यात होती, आणि निवृत्तीनंतर फिरायला जातानाही असायची. "वाळूत पडली," एवढंच बोलून बाई जे गप्प झाल्या, ते दोन दिवस. अर्थात हे कानसेनांच्या ध्यानात यायला तिसरा दिवस उजाडला.

त्यातच शाळेचं बोलावणं आलं. रविवारी क्रीडास्पर्धा, पहिली शर्यत बाईंनी शिट्टी वाजवून सुरू करून द्यायची. शाळा नवी शिट्टी द्यायला तयार होती. बाईंनी ती हातातही घेतली नाही. "माझी असती तर गेले असते," म्हणाल्या, आणि हे वाक्य नेमकं कानसेनांना ऐकू आलं. वाईट वाटलं त्यांना, खरंच वाटलं. पण वाईट वाटलं की गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनी मेहुण्याचा माळा गाठला.

माळ्यावर एक मेटल डिटेक्टर वीस वर्षं झोपा काढत होता. मेहुण्याने तरुणपणी खजिना शोधायला घेतलेला. खजिना म्हणून त्याला एक गंजकं कुलूप आणि कायमची पाठदुखी मिळाली. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर मुठीजवळ डबा. डब्यावर एक सुई आणि आत एक छोटा स्पीकर. चकतीखाली धातू आला की सुई हलायची आणि स्पीकर बोलायचा.

"चालेल का हो?" मेहुण्याने विचारलं.

"चालेल? पळेल!" कानसेन म्हणाले.

स्वयंपाकघराच्या टेबलावर ऑपरेशन मांडलं गेलं. आत सेल फुटून हिरवा-पांढरा क्षार जमला होता, तो त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून काढला. चकतीची तुटलेली तार सोल्डर केली. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला होता, तो काढून त्याजागी गजराच्या जुन्या घड्याळातला पातळ चिमुकला बझर बसवला. आणि ती सुई? ती चांगली होती, बरं का. अगदी ठणठणीत. पण कानसेनांनी ती काढून टाकली. "सुया बघायच्या त्या बहिऱ्यांनी," म्हणाले, आणि भोकावर चिकटपट्टी लावली.

मग चकतीखाली डाव धरला. काही नाही. कढई धरली. काही नाही. मल्टिमीटर लावला तर मीटर सांगत होता की बझरला वीज पोचतेय, वाजायलाच पाहिजे. मीटर एक म्हणतो, कान एक म्हणतो. अशा वेळी कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न कानसेनांना पडलाच नाही. त्यांनी मीटर खोटा ठरवला.

तेवढ्यात बाई दोन्ही कानांवर हात ठेवून दारात आल्या. "अहो, बंद करा ते! डोकं उठलं माझं! किती वेळ किंचाळतंय!"

कानसेनांना हललेले ओठ दिसले. "होईल, होईल," ते समजुतीने म्हणाले. "जरा धीर धर."

"वाजतंय ते!"

"वाजणारच! वाजल्याशिवाय सोडतो की काय मी?"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि दार लावून घेतलं. दोन वर्षं असं चाललं होतं. किती वेळा सांगणार माणूस?

कानसेनांनी निदान केलं की घराच्या भिंतींत लोखंडी सळया आहेत, त्यामुळे यंत्र गोंधळतंय. मोकळ्या वाळूत सुधारेल. सोमवारपासून रोज सकाळी ते खांद्यावर यंत्र टाकून किनाऱ्यावर जाऊ लागले. बाई काही बरोबर जायच्या नाहीत. शिट्टी गेल्यापासून त्या यांच्याबरोबर किनाऱ्यावर पाऊल टाकत नव्हत्या. का, हे विचारायचं कानसेनांना सुचलं नाही.

किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणारा एक गडी होता. आवाज ढोलासारखा. सोमवारी त्याने पाहिलं, की एक काका यंत्र फिरवत चाललेत, यंत्र जीव तोडून कोकलतंय, आणि काका तोंडावरची सुरकुती न हलवता पुढे. त्याला वाटलं, मोठा माणूस दिसतोय, किरकोळ गोष्टींसाठी वाकत नसेल. तो मागे गेला, खणलं, तर चमचा. मंगळवारी बक्कल, चाव्यांचा जुडगा. बुधवारी त्याने खुरपं आणलं. काका पुढे, छत्रीवाला मागे, आणि त्याच्या मागे एक भटकं कुत्रं, अशी वरात रोज पाण्याच्या कडेने निघायची. कानसेन मध्येच थांबून बझरवर टिचकी मारायचे, हताश होऊन मान हलवायचे आणि चालू लागायचे.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. आज मात्र बाई आल्या, पण खाली उतरल्या नाहीत. वरच्या पायरीवर बसून राहिल्या. नवऱ्याचं नाक कापलं जाताना निदान घरचं कोणीतरी हजर असावं, असा बहुधा विचार असावा.

खडकाजवळ छत्रीवाल्याने कानसेनांना गाठलं. "काका, ही बाईंची का हो? त्या रोज गळ्यात घालून यायच्या."

पितळेची शिट्टी. दोरीसकट.

कानसेनांनी ती झटकन हातात घेतली. "कुठे मिळाली?"

"तुमच्याच मागे. आत्ता, दहा पावलांवर. यंत्र कोकललं, तुम्ही गेलात पुढे, मी खणलं."

"कोकललं? हे? अरे, हे मुकं आहे! आठवडाभर दुरुस्त करतोय मी."

छत्रीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "काका, अख्खा किनारा ऐकतोय सोमवारपासून. ते मासेमारीवाले तिकडे पलीकडे गेले ते याच्यामुळेच."

हा माणूस आपली थट्टा करतोय, असं कानसेनांना वाटलं. त्यांनी शिट्टी लेंग्याला पुसली, तोंडात धरली आणि छाती भरून फुंकली.

फस्स अशी हवा गेली. आतली गोटी बोटांना थरथरलेली जाणवली. बस्स. वाळू अडकली असणार, त्यांनी मनात म्हटलं, आणि मान वर केली.

सगळा किनारा त्यांच्याकडे बघत होता. पलीकडचे मासेमारीवाले वळले होते. बाबागाडीवाली बाई थांबली होती, बाळाने तोंड वासलं होतं. कुत्रं उठून बसलं होतं. आणि वरच्या पायरीवर त्यांची बायको ताठ उभी राहिली होती, बत्तीस वर्षांच्या सवयीने.

त्यांनी पुन्हा फुंकली, हलकेच. पुन्हा सगळ्या माना वळल्या.

कानसेन वाळूत मटकन बसले. बाई पायऱ्या उतरून आल्या. समोर बसल्या, अगदी तोंडासमोर, आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"पडली नव्हती. मी फेकली होती."

"का?"

"भरती चढत होती. तुम्ही खडकाच्या पलीकडे चालत सुटलात. मी हाका मारल्या. मग शिट्टी मारली. सात वेळा! एकदा मागे वळला नाहीत. मला वाटलं, मुद्दाम. मला वाटलं, मी मागे आहे की नाही, याचं तुम्हाला काही पडलेलंच नाही." त्यांचे डोळे भरले. "काय करणार होते त्या शिट्टीचं? दिली भिरकावून."

कानसेनांकडे उत्तरं तयार होती. वारा उलटा असेल. गोटी अडकली असेल. चाळीस वर्षांत बनवलेलं एकेक उत्तर जिभेवर आलं. त्यांनी शिट्टी बायकोच्या हातात दिली.

"वाजव."

बाईंनी वाजवली. गाल फुगले, मानेची शीर तट्ट झाली. छत्रीवाल्याने कानात बोटं घातली आणि कुत्रं पळत सुटलं.

"आली ऐकू?"

"नाही," कानसेन म्हणाले. "बारीक आवाज माझ्या कानांत शिरतच नाहीत." सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बिघाड बरोबर सांगितला होता.

बाईंनी शिट्टी गळ्यात अडकवली. छत्रीवाल्याने यंत्र उचलून दिलं. घरी निघताना रोजच्यासारखे कानसेन पुढे व्हायला लागले, तशी बाईंनी त्यांची बाही धरून त्यांना मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाल्या. दर दहा पावलांवर त्या वळून बघत होत्या, आणि बोलायचं असेल तेव्हा थांबून, वळून बोलत होत्या.