बॅटरीची लाल चावी

आपल्याला आलेला संशय खोटा ठरूच शकत नाही, असं महानंदाचं ठाम मत होतं. दूधवाला पाणी घालतो, भाजीवाल्याच्या काट्यात खोट असते आणि नवरा गप्प बसला की नक्की काहीतरी लपवतो, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं आणि पुढं जन्मभर त्यात काडीचा फरक पडू दिला नव्हता. त्यामुळं अंगणातल्या डब्याची बॅटरी भरेना, तेव्हा बाकीच्यांनी बॅटरीकडं बघितलं आणि हिनं माणसांकडं.

डबा म्हणजे गाडीमागं जोडून न्यायची कॅरव्हॅन. नागप्पानं, म्हणजे महानंदाच्या नवऱ्यानं, ती पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुनी घेतली, ती फक्त आपल्या आईसाठी. गौरम्मा तिचं नाव, पण सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वाला मरायच्या आधी एकदा श्रीशैलच्या मल्लय्याचं दर्शन घ्यायचं होतं. दमेकरी बाई, लॉजवर लाईट गेली तर वाफेचं मशीन बंद पडायचं, म्हणून आजवर कुणी तिला न्यायची हिंमत केली नव्हती. डब्यात पलंग होता, पंखा होता आणि मशीन चालवायला मोठी बॅटरी होती. म्हातारी इतकी हरखली की दुपारची झोपही डब्यातच घ्यायला लागली. पाडव्याच्या आधी निघायचं ठरलं. पुढं ऊन वाढलं की डॉक्टर सोडणार नव्हते, आणि पुढच्या वर्षाचा भरवसा खुद्द अव्वालाच नव्हता.

गाडी चालवणार होता बिरुदेव. सांगोल्याकडचा हा गडी मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचा आणि टेम्पो चालवायचा. नागप्पाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मागं डबा लावून गाडी मागं घेणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. बिरुदेव आपणहून म्हणाला होता की आजीला मी नेतो. त्याची बायको दिपाली रोज अव्वाची वेणी घालून द्यायची.

रात्री डब्याची वायर अंगणातल्या बोर्डात लावायची, सकाळी काढायची, दिवसभर बॅटरीवर पंखा चालवायचा, असा क्रम होता. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एके संध्याकाळी महानंदाला त्याच बोर्डात बिरुदेवच्या इलेक्ट्रिक स्कूटरची वायर दिसली आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नागप्पा म्हणाला, मीच सांगितलंय त्याला, त्याचं सॉकेट वेगळं, मीटर वेगळा. एवढं बोलून तो गप्प बसला. आता गप्प बसल्यावर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

तिनं सोलापुरातल्याच सात रस्ता चौकातल्या गुरुशांत इलेक्ट्रिशियनला फोन लावला. बॅटरी त्यानंच बसवली होती. आडून आडून विचारलं की बॅटरीतला करंट कुणी ओढून घेतला तर? गुरुशांत हसला. म्हणाला, पलंगाच्या फळीखाली लाल चावी आहे, ती बंद केली की बॅटरीतून थेंबभरसुद्धा बाहेर जाणार नाही. तो पुढं अजून काहीतरी सांगत होता, पण हवं ते कळल्यावर फोन चालू ठेवणं महानंदाला उधळपट्टी वाटायची.

त्या दिवसापासून ती संध्याकाळी वायर लावायची, फळी उचलून लाल चावी बंद करायची आणि डब्याला कुलूप घालायची. सकाळी चावी पुन्हा चालू. याचा पत्ता तिनं कुणाला लागू दिला नाही. चोराला कळू नये म्हणून, आणि चोराची बाजू घेणाऱ्या नवऱ्यालाही कळू नये म्हणून.

आणि बघा, दोन-तीन दिवसांतच दुपारी अव्वाचा पंखा बंद पडला. महानंदाला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त समाधान वाटलं. म्हटलं नव्हतं का मी?

नागप्पानं बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली, डिस्टिल्ड वॉटर घातलं, फ्यूज तपासला, वायर बदलली. चार्जरचा हिरवा दिवा लागायचा, घरघरही यायची, पण सकाळी बॅटरी रिकामी ती रिकामीच. शेवटी गुरुशांत भर दुपारी येऊन बघून गेला. वायर लावून त्यानं मीटर धरला, करंट छान जात होता. बॅटरी चांगली आहे, चार्जरही चांगला आहे म्हणाला, आणि जाता जाता सहज विचारलं, रात्री वायर कुणी काढत तर नाही ना?

झालं. महानंदाला एवढंच हवं होतं. ती तडक मागच्या खोलीच्या दारात गेली.

"आमच्या बॅटरीत रात्री करंट का जात नाही, ते तुलाच ठाऊक, बिरुदेव. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा वारा काढून स्कूटर फिरवतोस, लाज कशी वाटत नाही?"

बिरुदेव जेवत होता. त्यानं हात ताटातच ठेवला.

"काकू, आजीच्या पंख्याचा करंट मी चोरीन व्हय?"

त्याच आठवड्यात बिरुदेवचं बिऱ्हाड जवळच्या होटगीला हललं, दिपालीचा भाऊ तिथं रेल्वेत होता. जायच्या दिवशी दिपालीनं अव्वाची वेणी घातली आणि महानंदाकडं न बघता निघून गेली. नागप्पानं बायकोशी बोलणं टाकलं.

बॅटरी मात्र तरीही भरेना. महानंदाचा संशय आता गुरुशांतवर वळला. जुनी बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली असणार!

अशातच एका संध्याकाळी अव्वा हटून बसली. श्रीशैल घडेल तेव्हा घडेल, आज मी डब्यातच झोपणार म्हणाली. ती पलंगावर आडवी झाली आणि चावी त्याच पलंगाच्या फळीखाली. म्हातारीला उठवून फळी कशी उचलायची? त्या रात्री चावी तशीच चालू राहिली.

सकाळी डब्याच्या भिंतीवरच्या बॅटरीच्या मीटरचे चारही दिवे लागलेले होते. बॅटरी काठोकाठ भरलेली. महानंदाच्या मनात पहिलं काय आलं असेल? आत माणूस झोपलेलं बघून चोर फिरकला नाही! मग तिला आठवलं की चोर होटगीला असतो.

अव्वाला धरून तिनं बाहेर खुर्चीत बसवलं, फळी उचलली आणि चावी बंद केली. मीटरवरचा, करंट आत जात असल्याचा बाण विझला. चार्जर घरघरतच होता, हिरवा दिवाही लागलेलाच होता. चावी चालू केली, बाण परत आला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. बाहेर जायची आणि आत यायची वाट एकच होती, आणि ती रोज रात्री तिनंच बंद केली होती. कणगीला झाकण लावून वरून ज्वारी ओतत बसावं तसला प्रकार. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

हे कुणाला कळणार नव्हतं. चावी ती बंद करायची हे कुणाला माहीतच नव्हतं, गुरुशांतला दोन शिव्या दिल्या की प्रकरण मिटलं असतं. तिनं तसा विचार केलाही. पण बाहेरून अव्वानं विचारलं, "बिरूला निरोप धाडला का गं? पाडवा जवळ आला की." सोलापुरातल्या दोन ड्रायव्हरांनी डबा बघूनच हात जोडले होते.

महानंदा एकटीच रिक्षा करून होटगीला गेली. सगळं सांगितलं, चावीसकट. चुकलं माझं, म्हणाली. दिपाली चुलीकडं तोंड करून बसली होती. बिरुदेवनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजीसाठी येतो." दिपालीनं चहा दिला. परत येताना महानंदाला हलकं वाटत होतं. मिटलं एकदाचं, असं तिनं नागप्पाला सांगितलं, आणि तोही कितीतरी दिवसांनी बोलला.

निघायच्या दिवशी बिरुदेव उजाडताच आला. डबा जोडला, दिवे तपासले, अव्वाला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मग आपली कपड्यांची पिशवी त्यानं गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि तिची चेन पूर्ण उघडली. आत दोन शर्ट, टॉवेल, मोबाईलचा चार्जर आणि दिपालीनं दिलेल्या भाकरी होत्या.

"बघून घ्या, काकू," तो साध्या आवाजात म्हणाला. "परत आल्यावर पुन्हा बघा."

महानंदाला रडू आलं. आत अव्वा काच ठोठावत होती, चला म्हणत होती. बिरुदेव हात मागं बांधून उघड्या पिशवीशेजारी उभा राहिला, आणि ती बघेपर्यंत तो गाडीत बसणार नव्हता.