बाबांचा बाक

साधुबाबांच्या नावानं चालणाऱ्या संस्थेच्या दवाखान्यात तपासणी फुकट होती, पण आधी बाबांच्या बाकाला नमस्कार, मग डॉक्टर, असा नियम. आणि बाकासाठी ही भलीमोठी रांग! इस्त्रीवाल्या काकूंचा जीव नुसता वरखाली होत होता. सुनेला आठवा महिना. मागच्या खेपेला मूल पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फार वेळ उभं राहायचं नाही म्हणून.

"आई, मला गरगरतंय," सून म्हणाली आणि तिनं काकूंचा दंड घट्ट धरला. चेहरा पांढराफटक पडला होता.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. अख्ख्या दालनात बसायला एकच जागा, तोच बाक. साधा, लाकडी. दमून आलेल्या माणसानं आधी टेकावं, मग बोलावं म्हणून बाबांनीच तो दारात ठेवला होता. स्वतः बाबा समोर जमिनीवर बसायचे. लहानपणी काकूही त्यावर पाय हलवत बसल्या होत्या. बाबा गेले, संस्था झाली, अध्यक्ष आले आणि बाकाभोवती चकचकीत पितळी कठडा आला. आता दमलेली माणसं तासन्‌तास उभी राहून बाकाच्या पाया पडत होती. घ्या! अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

"चल गं," म्हणत काकूंनी कठड्याचं फाटक ढकललं आणि सुनेला सरळ बाकावर बसवलं.

एकच कालवा झाला. सेवेकरी धावत आला. "काकू, उठवा त्यांना! बाक बाटला!"

"बाटला? अरे, बसायलाच ठेवलाय तो!"

मग अध्यक्ष स्वतः आले. आवाज अगदी गोड. "ताई, तुमची अडचण कळते हो. पण नियम सगळ्यांना सारखा. नाहीतर दवाखान्यातलं यांचं नाव कमी करावं लागेल."

दुसरा दवाखाना कुठून परवडणार? सून उठायला लागली, तशी काकूंनी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"बस तू. नाव काढायचं तर खुशाल काढा, साहेब. ती उठणार नाही. उठवायचीच असेल तर तुम्ही तिचा हात धरून उठवा, या सगळ्यांच्या देखत. बघू दे लोकांना!"

अध्यक्षांनी रांगेकडे पाहिलं. कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांचा हात काही पुढे आला नाही.

तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा काठी टेकत कठड्याच्या आत शिरला.

"पोरी, जरा सरकतेस का?" तो सुनेला म्हणाला. "केव्हाचे गुडघे ठणकतायत माझे."