प्रत्येक ताऱ्यात एक रेघ कमी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. या शहराला औरंगाबाद म्हणत, तेव्हा मी लाकडी पेटीतून इथल्या एका प्रयोगशाळेत आलो. माझ्या भिंगाचे तेव्हा फार कौतुक झाले.

माझ्याखाली लेप दिलेल्या काचपट्ट्या ठेवत. परदेशातल्या प्रचंड यंत्रात जड अणूंचे गाभे भरधाव त्यांवर सोडलेले असत. गाभ्यावर गाभा आदळला की नवे कण उधळत आणि लेपात ताऱ्यासारख्या रेघा उमटत. मोजणीच्या कामाला ठेवलेल्या वच्छलाबाई त्या रेघा मोजत. अशा टकरीतून किती कण निघावेत, याचे गणिती प्रारूप कडुबा नावाचा संशोधक मांडत होता.

दिवस संशयाचे होते. चिकलठाण्यात कारखाने वाढत होते, रस्त्यावर विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते. माणूस भेटला की आधी त्याची बाजू ताडून पाहत. कडुबा मोर्च्यात पुढे असे. वच्छलाबाई पाचोडकडच्या मेंढपाळ घरातल्या. त्यांचा भाऊ नामांतराच्या विरोधात होता.

मोजणी प्रारूपापेक्षा सतत कमी येऊ लागली. कडुबाचा प्रबंध अडला. त्याने बाईंनी मोजलेला एक दाट तारा गुपचूप तपासला. एक रेघ कमी!

"मावशी, उद्यापासून येऊ नका. भावानं शिकवलं ना, रेघा खायला?"

"रेघा खाऊन पोट भरतं व्हय? मग तुमच्याकडं कशाला आले असते?"

कडुबा हसला नाही. पुरावा हवा म्हणून आणखी तारे पाहू लागला. दाट ताऱ्यात एक कमी. अगदी विरळ ताऱ्यातही एकच कमी. तो थबकला. चोर गर्दीत हात मारतो. चार रेघांत कोण चोरी करील?

"मावशी, प्रत्येक ताऱ्यात एक रेघ का सोडली?"

"पहिलं देवाचं असतंय. आमच्यात पहिलं मेंढरू बिरोबाच्या नावानं सोडतात, मोजत नाय. मोजलं की कळपाला नजर लागते. तुमच्या ताऱ्यांना ती लागू नये, म्हणून सोडली."

कडुबाने मोजणीची वही पुढे ओढली. मग त्याने प्रत्येक ताऱ्यात एक रेघ मिळवली. विरळ तारे प्रारूपाशी जुळले. दाट तारे तरीही जुळेनात.

"आता कुणावर संशय घ्यायचा, दादा?"

"माझ्या गणितावर." त्याने स्टूल पुढे सरकवले. "बसा मावशी. देवाचंही मोजा."

"मोजते. पर नजर लागली तर मला बोलायचं नाय."

आता मी कपाटात पडून आहे. भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, कधी माझ्यातून पाहाल तर आधी माझी काच पुसा. बुरशी काचेवर असते आणि डाग समोरच्यात दिसतो.