पोट रंगवायला बसलेलं जहाज

"मेडवे नदीचा चिखल मला नावानिशी ओळखतो," लेफ्टनंट कमांडर क्रिस्पिन टॉलवर्दी चहाचा मग उंचावत म्हणाला. "भरती-ओहोटीचं वेळापत्रक नवशिक्यांनी बघायचं!"

त्याचा दुय्यम अधिकारी फेनिक काही बोलणार, तोच जहाज गचकन थांबलं आणि चहा टॉलवर्दीच्या शर्टावर गेला.

चिखलाने खरंच ओळखलं होतं.

ओहोटी लागलेली. आता भरती येईपर्यंत सुरुंग शोधणारं हे इटुकलं जहाज हलणार नव्हतं, आणि दुपारी ॲडमिरल साहेब इथूनच जाणार होते. टॉलवर्दीच्या बाहीवर कित्येक वर्षं अडीच सोनेरी पट्ट्या अडकून पडल्या होत्या. यंदा साहेबांनी शिफारस केली तर बढती आणि तीन पट्ट्या, नाहीतर आरमाराला रामराम आणि बायकोच्या गुलाबांना पाणी. याआधी मिळालेलं प्रत्येक जहाज त्याने कुठेतरी आपटलंच होतं. एकदा तर दीपगृहावर. "आणि दिवा चालू होता हो!" हे तो स्वतःच सगळ्यांना हसत सांगायचा.

"ओढून काढायला टग बोलावू, सर?"

"म्हणजे गावभर बोंब! त्यापेक्षा सगळ्यांना ब्रश दे आणि खाली उतरव. तळ खरवडा, रंगवा. आपण अडकलेलो नाही, फेनिक. मुद्दाम बसलोय."

"चहा अंगावर घेऊन?"

"तोही मुद्दाम."

टॉलवर्दी स्वतः ब्रश घेऊन चिखलात उतरला. "सर, पोट झालं, आता पाठ चोळू का?" म्हातारा खलाशी गॅस्केलने विचारलं. सगळे खिदळले, टॉलवर्दीसुद्धा.

"तो चिखलात टाकलेला नांगरही वर घ्या. रंगवा."

"नांगर राहू द्या की, सर. भरती आली तर जहाज वाहत..." फेनिक म्हणाला.

"साहेबांना बरबटलेला नांगर दाखवू?"

पाणी चढायला लागलं तेव्हा साहेबांची हिरवी लाँच येऊन जहाजाला लागली.

"मला वाटलं, अडकलात!"

"छे, सर!"

"गोदीत न नेता तळ साफ! शाबास, टॉलवर्दी. आजच तुमचं नाव वर कळवतो. चला, चहा पाजा."

रिवाजाप्रमाणे साहेब आधी शिडी चढले. मागोमाग खलाशी. टॉलवर्दीने पाय उचलला. चिखलातून पाय काही येईना.

"येताय ना?" साहेबांनी वरून विचारलं.

पाणी गुडघ्याला लागलं होतं. 'अडकलोय' हा एक शब्द पुरला असता.

"व्हा पुढे, सर. एक शेवटचा हात मारतो."

पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा जहाज अलगद उचललं गेलं आणि वाहत निघालं.

"फेनिक! नांगर टाक!"

"रंग ओला आहे, सर!"

चिखलाने टॉलवर्दीला सोडलं, बूट ठेवून घेतले. तो पोहत शिडीपाशी पोचला, तोवर जहाज प्रवाहात गोल फिरून साहेबांच्या लाँचवर आपली ओली करडी कूस घासत गेलं होतं. लाँचचा हिरवा रंग जाग्यावर राहिला नाही.